इच्छामरण आणि आयुष्याच्या अखेरचे उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर बोलताना गोंधळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतो. उपचार थांबवणं आणि माणसाला मारणं या दोन गोष्टी एकच धरल्या जातात. मग डॉक्टर घाबरतात, नातेवाईक घाबरतात आणि पेशंटचे शेवटचे दिवस नळ्या आणि यंत्रांमध्ये जातात. खालचे प्रश्न पेशंट आणि नातेवाईक विचारतात, कधी कधी तरुण डॉक्टरही विचारतात. जिथे कायदा आहे तिथे कायदा सांगितला आहे. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

### उपचार नाकारणं हेही इच्छामरणच का?

नाही. एकाच नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी बोलल्या जातात, त्या आधी सुट्या करून घेऊ.

डॉक्टरने पेशंटच्या विनंतीवरून प्राणघातक औषध स्वतः देणं हे सक्रिय इच्छामरण. डॉक्टरने औषध फक्त लिहून द्यायचं आणि ते घ्यायचं की नाही हे पेशंटने ठरवायचं, याला वैद्यकीय साहाय्याने मृत्यू म्हणतात. व्हेंटिलेटर किंवा डायलिसिससारखा उपचार सुरूच न करणं किंवा चालू असलेला काढून घेणं ही तिसरी गोष्ट. भारतातल्या न्यायालयांनी तिला निष्क्रिय इच्छामरण म्हटलं आहे. आणि चौथी, वेदना किंवा धाप कमी व्हावी म्हणून पुरेसं औषध देणं. हे इच्छामरण नाहीच, हा साधा उपचार आहे.

पहिल्या दोन गोष्टींवर जगभर तीव्र मतभेद आहेत. तिसरी अनेक देशांच्या कायद्यांनी आणि वैद्यकीय नीतिशास्त्राने मान्य केली आहे. चौथीवर वाद असायचं कारणच नाही, तरी सगळ्यांत जास्त पेशंट तिच्याअभावी तळमळत जातात.

### व्हेंटिलेटर काढला म्हणजे आपणच मारलं, असं होत नाही का?

१९७५ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात कॅरेन अ‍ॅन क्विनलन ही २१ वर्षांची मुलगी बेशुद्ध पडली ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही. व्हेंटिलेटर काढावा असं आईवडिलांचं म्हणणं होतं आणि डॉक्टर नकार देत होते. १९७६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वडिलांच्या बाजूने निकाल दिला. व्हेंटिलेटर काढला गेला आणि कॅरेन स्वतःहून श्वास घेऊ लागली. ती त्यानंतर नऊ वर्षं जगली आणि १९८५ मध्ये न्यूमोनियाने गेली.

मला ही हकिगत महत्त्वाची वाटते, कारण यंत्र काढणाऱ्यांचा हेतू काय होता ते तिच्यातून दिसतं. ती जगली म्हणून कोणी तिला मारायला धावलं नाही. आईवडिलांना नको होतं ते यंत्र. माणूस मरतो तो आजाराने. यंत्राने तो मृत्यू फक्त अडवून धरलेला असतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. जेम्स रेचल्स या तत्त्वज्ञाने १९७५ मध्येच विचारलं होतं की परिणाम तोच आणि हेतूही तोच असेल, तर करणं आणि होऊ देणं यांत नैतिक फरक तो काय? उलट, उपचार काढून घेतल्यावर दिवसेंदिवस कण्हत मरण्यापेक्षा एक इंजेक्शन अधिक दयाळू नाही का? हा युक्तिवाद हलक्याने झटकता येत नाही. हेतू वाईट असेल तर नुसतं बघत उभं राहणंही खुनाइतकंच वाईट ठरतं, हे त्याचं म्हणणं खरं आहे. पण उपचार काढताना हेतू बहुधा मृत्यूचा नसतो. ज्या उपचारातून पेशंटला आता फक्त त्रास मिळतोय, तो त्याच्यावर लादायचा नाही हा हेतू असतो. आणि उपचार काढल्यावर जो कण्हत राहतो, त्याच्या वेदनेवर कोणी काम केलेलं नाही, हा दोष वेगळा आहे आणि तो दूर करता येतो.

### सुरूच न करणं समजतं. पण सुरू केलेलं काढायला हात धजत नाही. काय करावं?

मनाला हा फरक फार मोठा वाटतो. नीतिशास्त्राच्या दृष्टीने तो नाही. जो उपचार आज नव्याने सुरू करणं योग्य ठरलं नसतं, तो केवळ काल सुरू झाला म्हणून आज योग्य ठरत नाही. उलट, एकदा लावलं की काढता येणार नाही या भीतीने, ज्यांना कदाचित उपयोग झाला असता अशांनाही व्हेंटिलेटर नाकारला जातो.

यातून एक चांगली वाट निघते: ठरावीक मुदतीचा प्रयत्न. डॉक्टरांना सुरुवातीलाच विचारा, “हे किती दिवस करून बघायचं? सुधारणा होतेय हे आपल्याला कशावरून कळेल? नाही झाली तर पुढे काय?” तीन दिवस, पाच दिवस, आजाराप्रमाणे जी मुदत असेल ती, आणि त्या दिवशी पुन्हा एकत्र बसायचं. असं आधी ठरलेलं असेल तर मशीन काढण्याचा निर्णय कोणा एका मुलाच्या किंवा मुलीच्या डोक्यावर येऊन आदळत नाही.

### “शक्य ते सगळं करा” असं सांगितलं तर चूक काय?

चूक काही नाही, पण ‘सगळं’ म्हणजे काय ते विचारलेलं नसतं. हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते चालू करण्याची पद्धत, म्हणजे सीपीआर, १९६० मध्ये पुढे आली. ती मुख्यतः अचानक हृदय थांबलेल्या, एरवी बऱ्या असलेल्या माणसासाठी होती. छाती पाच सेंटिमीटर खोल दाबावी लागते. वृद्ध माणसाच्या बरगड्या मोडतात, आणि तो मोडण्याचा आवाज दाबणाऱ्याच्या तळहाताला जाणवतो. हॉस्पिटलमध्ये हृदय बंद पडलेल्यांपैकी साधारण पाचात एक माणूस घरी जातो. शरीरभर पसरलेला कॅन्सर किंवा अनेक अवयव निकामी झालेले असतील तर हे प्रमाण बरंच खाली येतं. सिनेमात दिसतं तसं डोळे उघडून बोलणं जवळजवळ कधीच होत नाही.

म्हणून ‘सीपीआर करू नये’ अशी नोंद म्हणजे पेशंटला सोडून दिलं असं नव्हे. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, वेदनाशामक, स्वच्छता, जवळ बसणं हे सगळं चालूच राहतं. फक्त मृत्यू आला की छातीवर चढायचं नाही एवढंच ठरलेलं असतं. ही नोंद फाइलमध्ये स्पष्ट लिहून घ्या. रात्रीच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरला तुमचं दुपारचं बोलणं माहीत नसतं.

### नळीतून अन्न बंद करणं म्हणजे उपाशी मारणं नाही का?

या प्रश्नाशी प्रत्येक घर अडखळतं, आणि ते साहजिक आहे. माणसाला भरवणं हा प्रेमाचा पहिला व्यवहार आहे.

आधी शरीराचं बघू. मृत्यू जवळ आला की भूक आपोआप मंदावते. आतडी सावकाश होतात, शरीर अन्न वापरू शकत नाही. जेवण बंद झालं म्हणून माणूस जात नाही, तो चाललेला असतो म्हणून जेवण बंद होतं. अशा वेळी नळीतून किंवा सलाइनमधून जबरदस्तीने दिलेलं पाणी पायांवर, फुप्फुसात साठतं. सूज, उलट्या आणि छातीतली घरघर वाढते. तहान वाटते ती बहुधा कोरड्या तोंडाची. ओल्या कापसाने ओठ आणि जीभ पुसणं, चमचाभर पाणी, ओठांना थोडं व्हॅसलिन यांनी जितका आराम पडतो तितका सलाइनच्या बाटलीने पडत नाही.

स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने अन्न दिल्यामुळे आयुष्य वाढतं किंवा ठसका लागून होणारा न्यूमोनिया टळतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. वृद्धांचे डॉक्टर त्याऐवजी सावकाश, हाताने, पेशंट घेईल तेवढंच भरवायला सांगतात. यात वेळ जातो. पण भरवणाऱ्याचा स्पर्श आणि आवाज त्याच्यापर्यंत पोचतो.

कायद्याच्या बाजूने इंग्लंडमधला टोनी ब्लँड याचा खटला निर्णायक ठरला. १९८९ च्या हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत तो जखमी झाला आणि मेंदूला ऑक्सिजन न मिळाल्याने कायमचा बेशुद्धावस्थेत गेला. १९९३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हटलं की नळीतून अन्न देणं हासुद्धा वैद्यकीय उपचार आहे आणि पेशंटच्या हिताचा नसेल तर तो थांबवता येतो. सगळ्यांना हे पटलेलं नाही. कॅथलिक चर्च अशा पेशंटलाही सामान्यपणे अन्नपाणी देत राहावं असं मानतं. तुमच्या घराची श्रद्धा तशी असेल तर ती डॉक्टरांना सांगायला संकोचू नका. तिचा विचार व्हायलाच हवा.

### आणि कोणी स्वतःच खाणंपिणं सोडलं तर?

विनोबा भावे यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला आजारपणात अन्न, पाणी आणि औषध नाकारलं आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. शुद्धीत असलेल्या, विचार करू शकणाऱ्या प्रौढ माणसाच्या तोंडात जबरदस्तीने अन्न घालण्याचा अधिकार डॉक्टरला नाही, हे नीतिशास्त्रात बऱ्यापैकी मान्य आहे. पण आजार शेवटचा नसताना कोणी असं करत असेल तर त्यामागे नैराश्य, एकटेपणा, घरातली अवहेलना आहे का हे आधी पाहायला हवं. ‘त्यांची इच्छा’ म्हणून बाजूला होणं फार सोपं असतं.

### मॉर्फिन दिलं की माणूस लवकर जातो ना?

नाही. योग्य मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवलेल्या मॉर्फिनमुळे आयुष्य कमी होतं याला पुरावा मिळालेला नाही. पहिले काही दिवस झोप जास्त येते, मळमळ होऊ शकते. बद्धकोष्ठता हमखास होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. कॅन्सरच्या वेदनेसाठी नीट देखरेखीखाली घेणाऱ्यांना व्यसन क्वचितच लागतं. धाप लागलेल्या पेशंटलाही लहान मात्रेत ते दिलं तर श्वासाची घुसमट कमी होते.

समजा एखाद्या पेशंटमध्ये वेदना शमवताना मृत्यू थोडा अलीकडे आला, तरी नीतिशास्त्र डॉक्टरला दोषी धरत नाही. दुहेरी परिणामाचं हे तत्त्व तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या विचारातून आलं. वेदना शमवण्याचा हेतू चांगला आहे, दुसरा परिणाम दिसत असला तरी तो हवा म्हणून केलेला नाही, आणि वेदनेइतकीच मात्रा दिली आहे. प्राण घेण्याबाबत इतकी कठोर भूमिका असलेल्या चर्चच्या प्रमुखांनी, पोप पायस बारावे यांनी, १९५७ मध्ये हे मान्य केलं होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण धर्माच्या नावाखाली वेदनाशामक नाकारणारी माणसं आजही भेटतात.

‘मॉर्फिन नको, ते शेवटचं औषध आहे’ या एका वाक्याने जेवढा त्रास जन्माला घातला आहे, तेवढा या विषयातल्या दुसऱ्या कुठल्या समजुतीने घातला नसेल.

### “आता सुधारणा नाही” हे डॉक्टर किती खात्रीने सांगू शकतात?

कशाबद्दल बोलतोय त्यावर अवलंबून. मेंदूमृत्यू म्हणजे मेंदूचं आणि मेंदूच्या देठाचं काम कायमचं थांबलेलं असणं. ठरलेल्या चाचण्या नीट केल्या की इथे शंका उरत नाही. तो मृत्यूच आहे, छाती यंत्राने हलत असली तरी. याचे निकष पहिल्यांदा १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने मांडले.

दीर्घ बेशुद्धावस्था वेगळी. डोळे उघडे, झोप-जाग चालू, पण जाणिवेची खूण नाही, अशा अवस्थेत किती थांबायचं हे कारणावर ठरतं. डोक्याला मार लागला असेल तर सुधारणेची वाट जास्त काळ पाहावी लागते. हृदय थांबल्यामुळे मेंदूला ऑक्सिजन मिळाला नसेल तर आशा लवकर मावळते. २००६ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांनी अशा एका तरुण स्त्रीला मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून ‘टेनिस खेळतेय अशी कल्पना कर’ असं सांगितलं, आणि तिच्या मेंदूत निरोगी माणसासारखीच हालचाल उमटली. तेव्हापासून अशा काही पेशंटमध्ये लपलेली जाणीव असू शकते हे मानलं जातं. म्हणून इथे घाई नको आणि दुसरं मत जरूर घ्यावं.

कॅन्सर, हृदय किंवा फुप्फुसाच्या जुन्या आजारात ‘किती दिवस’ याचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो, आणि तो जास्त सांगण्याच्या बाजूने चुकतो. तारीख मागण्यापेक्षा “आता आपण वर्षांमध्ये बोलतोय, महिन्यांमध्ये की दिवसांमध्ये?” असं विचारा. याचं उत्तर डॉक्टर प्रामाणिकपणे देऊ शकतात.

### पेशंट बोलू शकत नसेल तर निर्णय कोणी घ्यायचा?

निर्णय कोणी घ्यायचा यापेक्षा कोणाच्या बाजूने घ्यायचा हे महत्त्वाचं आहे. “तुम्हाला काय हवंय?” हा प्रश्न नातेवाइकांना विचारणंच चुकीचं. “त्या आत्ता इथे बसून स्वतःची ही अवस्था पाहत असत्या, तर काय म्हणाल्या असत्या?” असं विचारायला हवं. असा प्रश्न आला की खोलीतला ताण उतरलेला दिसतो. मुलगा म्हणतो, “आई नेहमी म्हणायची, मला कुणाच्या हाताने अंघोळ नको.” मग निर्णय मुलाचा राहत नाही, आईचा होतो.

काहीच माहीत नसेल तर पेशंटच्या हिताचं काय ते पाहायचं: त्रास किती, फायदा किती, आणि फायदा म्हणजे काय.

लिहून ठेवलेलं नसेल तर काय होतं हे अमेरिकेतल्या टेरी शायवो यांच्या प्रकरणाने दाखवलं. १९९० मध्ये त्या कोसळल्या. नवरा म्हणत होता की तिला असं जगायचं नव्हतं, आईवडील म्हणत होते की ती बरी होईल. अन्नाची नळी तीनदा काढली आणि दोनदा पुन्हा घातली गेली. न्यायालयं, राज्य विधिमंडळ, संसद, राष्ट्राध्यक्ष सगळे त्यात उतरले. ३१ मार्च २००५ रोजी त्या गेल्या. दोन्ही बाजूंचं तिच्यावर प्रेम होतं असं धरलं, तरी स्वतः तिने काय म्हटलं असतं याचा एक ओळीचा कागद कोणाकडे नव्हता.

### भारतात कायदा काय आहे?

सक्रिय इच्छामरण आणि मृत्यूला वैद्यकीय साहाय्य दोन्ही बेकायदा. उपचार न देणं किंवा काढून घेणं ठरलेल्या पद्धतीने कायदेशीर.

सुरुवात अरुणा शानबाग यांच्यापासून झाली. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या या परिचारिकेवर १९७३ मध्ये क्रूर हल्ला झाला आणि त्यानंतरची जवळजवळ ४२ वर्षं त्या त्याच हॉस्पिटलमध्ये अंथरुणावर होत्या. अरुणांना अन्न देणं थांबवावं ही पत्रकार पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये फेटाळली. अरुणांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका याचिकेच्या विरोधात होत्या, आणि त्यांचं म्हणणं न्यायालयाने मोलाचं मानलं. त्याच निकालात उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार काढण्याची वाट मात्र खुली झाली. अरुणा २०१५ मध्ये न्यूमोनियाने गेल्या.

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगितलं आणि वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे लिव्हिंग विलला मान्यता दिली. ती पद्धत इतकी किचकट होती की वापरणं जवळजवळ अशक्य होतं. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती सुटसुटीत केली. आता हॉस्पिटलचं प्राथमिक मंडळ असतं: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. त्यावर दुसरं मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला एक डॉक्टर असतो. दोघांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. त्यांच्या परवानगीसाठी थांबावं लागत नाही. इच्छापत्र नसेल तरी नातेवाइकांच्या संमतीने हीच पद्धत वापरता येते. मंडळांनी नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं.

### वैद्यकीय इच्छापत्र कसं करायचं?

अठरा वर्षांवरील, सारासार विचार करू शकणाऱ्या कोणालाही ते करता येतं. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करायचं. कोणत्या अवस्थेत कोणता उपचार नको हे स्पष्ट लिहायचं आणि तुमच्या वतीने बोलणाऱ्या विश्वासू माणसांची नावं घालायची. एकाहून जास्त नावं चालतात. मत बदललं तर ते लेखी केव्हाही रद्द करता येतं.

‘मला यंत्रावर ठेवू नका’ एवढंच लिहिलेला कागद आयसीयूत फारसा उपयोगी पडत नाही. साध्या न्यूमोनियासाठी चार दिवस व्हेंटिलेटर लागणार असेल तर तो नको आहे का? बहुतेकांना हवा असतो. म्हणून अवस्था लिहा: माणसं ओळखता येत नसतील आणि ते परत येण्याची आशा नसेल तर, आजार बरा होणार नाही हे नक्की असेल तर. आणि ज्यांची नावं घातली त्यांच्याशी प्रत्यक्ष बोला. कपाटात कुलूपबंद ठेवलेलं इच्छापत्र मध्यरात्री कोणाला सापडत नाही.

### सक्रिय इच्छामरण कुठे कायदेशीर आहे?

नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून, नंतर लक्झेंबर्ग, कोलंबिया, कॅनडा, स्पेन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाची राज्यं. काही ठिकाणी फक्त मृत्यूला साहाय्य चालतं. स्वित्झर्लंडमध्ये आत्महत्येला साहाय्य स्वार्थी हेतूने केलं तरच गुन्हा ठरतं, ही तरतूद १९४२ पासूनची. अमेरिकेत ओरेगॉन राज्याने १९९७ मध्ये सुरुवात केली. तिथे सहा महिन्यांपेक्षा कमी आयुष्य उरलेल्या प्रौढाला डॉक्टर औषध लिहून देऊ शकतो, टोचू शकत नाही.

ओरेगॉनच्या नोंदी वाचण्यासारख्या आहेत. औषध मिळालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक ते घेतच नाहीत. आणि मागण्याच्या कारणांत वेदना वरच्या क्रमांकावर नाही. स्वतःवरचा ताबा जाणं, आवडीची कामं करता न येणं, अवलंबून राहावं लागणं ही कारणं वर आहेत.

### मग कायदा इथेही व्हावा का?

बाजूचा युक्तिवाद भक्कम आहे. शरीर माझं, त्रास माझा, तर शेवटही माझा. आणि उत्तम उपचारांनंतरही काही थोडी दुःखं शमत नाहीत हे सत्य आहे. त्या माणसाला ‘सोसा’ म्हणून सांगण्याचा अधिकार कोणाला?

विरोधातलं मला जास्त अस्वस्थ करतं ते अपंगांच्या चळवळीतून आलेलं. १९३९ पासून नाझी जर्मनीने ‘दयामरण’ म्हणत ७०,००० हून अधिक अपंगांना आणि मनोरुग्णांना वायुकोठड्यांत मारलं. आजच्या कायद्यांची त्याच्याशी तुलना करणं अन्यायाचं आहे, कारण आज पेशंटची स्वतःची विनंती लागते. पण ‘असं जगणं जगण्यासारखं नाही’ हे वाक्य निरोगी माणूस किती सहज बोलून जातो, हे अपंग माणूस रोज ऐकतो. कायदा झाला की मर्यादा सैल होत जातात का? दोन्ही उदाहरणं आहेत. ओरेगॉनने सहा महिन्यांची अट अजून धरून ठेवली आहे. कॅनडाने २०१६ मध्ये मृत्यू नजीक असण्याची अट ठेवली आणि २०२१ मध्ये काढली. फक्त मानसिक आजार असलेल्यांना मुभा देणं पुन्हा पुन्हा पुढे ढकललं गेलं, आता २०२७ पर्यंत.

माझं मत असं. जिथे मॉर्फिन मिळत नाही, घरी येणारी नर्स मिळत नाही, आजाऱ्याला आपण ओझं झालोय असं वाटतं, तिथे मरणाचा पर्याय देणं हा मोकळा पर्याय होत नाही. आधी वेदना शमवण्याची सोय, मग ही चर्चा. हा क्रम मी सोडायला तयार नाही, आणि त्या थोड्या पेशंटना यामुळे थांबावं लागतं याची बोच मला आहे.

### पेशंट म्हणतो, “मला एकदा सोडवा.” काय उत्तर द्यावं?

“असं बोलू नये” हे सोडून काहीही. त्याने त्याचं बोलणं बंद होतं, दुःख बंद होत नाही. जवळ बसा आणि विचारा, “सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतोय?” उत्तरं थक्क करणारी असतात. रात्री झोप लागत नाही. जखमेला वास येतो, म्हणून नातवंडं जवळ येत नाहीत. सुनेला उचलावं लागतं त्याची लाज वाटते. यातल्या प्रत्येक गोष्टीवर काही ना काही करता येतं. जखमेवर मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकची पूड टाकली तरी वास पुष्कळ कमी होतो. नैराश्य असेल तर ते शेवटच्या आजारातही औषधाने आणि बोलण्याने हलकं होतं. आणि स्वतःला इजा करण्याचा विचार मनात असेल तर तो थेट विचारावा, एकटं सोडू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं.

### पेशंटला खरं सांगावं का? धक्का बसेल ना?

बहुतेक पेशंटना आधीच कळलेलं असतं. घरातले दाराबाहेर कुजबुजतात, आत येऊन हसतात. पेशंट ते पाहतो आणि आपल्याला माहीत नाही असं दाखवतो. दोन्हीकडचा एकांत वाढतो. त्याला किती जाणून घ्यायचंय हे त्यालाच विचारावं. ‘मला नको सांगू, मुलाशी बोला’ असं तो म्हणाला तर तोही त्याचा हक्क. पण त्याच्या वतीने ते आपण ठरवू नये.

### पॅलिएटिव्ह केअर म्हणजे हात टेकणं का?

नाही. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि इतर त्रास कमी करणारी सेवा. सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग समाजसेविका, आणि मरणाऱ्यांचं कोणी ऐकत नाही म्हणून पुढे डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या पेशंटची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची अशी एकत्र असते हे त्यांनी शिकवलं.

२०१० मध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या पेशंटवरचा एक अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळालेले पेशंट सरासरी ११.६ महिने जगले, न मिळालेले ८.९ महिने. त्यांची मनःस्थिती चांगली होती आणि शेवटी आक्रमक उपचारही कमी झाले. म्हणजे ही सेवा आशा संपल्यावर नव्हे, निदान झाल्याच दिवशी मागायची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना तिची गरज असते आणि फक्त १४ टक्क्यांना ती मिळते.

### पैसे संपले म्हणून घरी नेलं तर तो गुन्हा आहे का?

नाही. पण पैशामुळे थांबणं आणि उपयोग नाही म्हणून थांबणं यांत गल्लत होऊ देऊ नका. बरा होऊ शकणारा पेशंट पैशाअभावी घरी जात असेल तर तो समाजाचा अन्याय आहे. त्यासाठी मदतीच्या योजना, धर्मादाय खाटा यांची चौकशी आधी करा. बरा होणार नसलेला घरी जात असेल तर ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’ अशा शिक्क्यावर निमूट सही करून रिकाम्या हाताने बाहेर पडू नका. वेदनेचं औषध, धाप लागली तर काय करायचं, रात्री फोन कोणाला करायचा, हे लिहून घ्या.

### घरी शेवटचे दिवस कसे असतात?

झोप वाढते. हातपाय गार पडतात, त्वचेवर निळसर ठिपके दिसतात. श्वास मध्येच थांबतो, मग खोल खोल सुरू होतो. घशात घरघर येते. ऐकणाऱ्याला ती भयंकर वाटते, पण पेशंट बहुधा त्या पलीकडे गेलेला असतो. कुशीवर वळवलं, डोकं थोडं उंच केलं की ती कमी होते. या वेळी अँब्युलन्स बोलावली तर माणूस रस्त्यात किंवा कॅज्युअल्टीत जाण्याची शक्यता जास्त. कोणाला फोन करायचा हे आधी ठरलेलं असलं की घाबरून होणारी ही धावपळ टळते. ऐकू येणं शेवटपर्यंत राहू शकतं, तेव्हा त्याच्याशी बोला. खोलीत वाटणीच्या किंवा खर्चाच्या गोष्टी नकोत.

### “थांबा” असं मीच सांगितलं. आता अपराधी वाटतंय.

असं वाटणं जवळजवळ सगळ्यांच्या वाट्याला येतं, अगदी सगळं बरोबर झालेलं असलं तरी. ज्या डॉक्टरांनी शेवटी पाहिलं त्यांना पुन्हा भेटा आणि विचारा: “आम्ही ‘चालू ठेवा’ म्हटलं असतं तर काय झालं असतं?” बहुतेकदा उत्तर असतं, तेच, फक्त आणखी काही दिवसांनी आणि आणखी नळ्यांसह. हे स्वतःच्या कानांनी ऐकण्याची गरज असते. महिने उलटले तरी झोप येत नसेल, कामात मन लागत नसेल, तोच क्षण डोळ्यांसमोरून हलत नसेल तर समुपदेशकाकडे जा. पॅलिएटिव्ह केअरच्या चांगल्या टीम मृत्यूनंतरही घरच्यांच्या संपर्कात राहतात. त्यांना फोन करताना ‘आता पेशंटच नाही, कशाला त्रास द्यायचा’ असं मनात आणू नका.